मारिया माँटेसरी आणि लहान मुलांचे ख्रिस्ती धर्मशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारच्या धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे शिक्षक, पालक आणि बालवाडीत काम करणाऱ्या ताई हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन विषय एकमेकांना लागून आहेत तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. माँटेसरीबाई कोण होत्या? त्या मूळच्या शिक्षिका होत्या का?

नाही, त्या डॉक्टर होत्या. त्यांचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतील अँकोनाजवळच्या कियारावाले गावी झाला आणि 1896 मध्ये रोम विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांच्या लिखाणाचा बारकाईने अभ्यास केला. या मुलांना हाताने करण्याजोगी साधने दिल्यावर ती शिकतात, मग सर्वसाधारण मुलांच्या शाळा त्यांना बाकावर जखडून का ठेवतात, हा प्रश्न त्यांना तेव्हापासून पडला. रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईवडील कामावर गेल्यावर इमारतीत मोकळी फिरणारी मुले सांभाळावीत, एवढाच ते चालवणाऱ्यांचा मूळ हेतू होता. 6 मे 1952 रोजी नेदरलँड्समधील नॉर्डवेक येथे माँटेसरीबाईंचे निधन झाले आणि तेथील कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

2. त्यांच्या पद्धतीत धर्म होता का, की तो नंतर इतरांनी जोडला?

त्यांनी स्वतःच आणला, आणि बराच लवकर आणला. पहिल्या बालगृहाचे उद्घाटन प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी झाले आणि त्या प्रसंगी आपण यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील साठावा अध्याय वाचला, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. मात्र धर्मशिक्षणाचा नीट, पद्धतशीर प्रयोग 1915 च्या सुमारास बार्सिलोना येथे सुरू झाला. तेथील माँटेसरी शाळेचे काम त्यांच्या सहकारी आन्ना मारिया माक्केरोनी पाहत असत. या अनुभवावर आधारित मुलांच्या चर्चमधील जीवनाविषयीचे माँटेसरीबाईंचे पुस्तक 1922 मध्ये नेपल्स येथे निघाले, 1931 मध्ये उपासनावर्षावरील (चर्चच्या सणांच्या वार्षिक चक्रावरील) आणि 1932 मध्ये मुलांना मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना) समजावून देणारे अशी आणखी दोन पुस्तके आली.

बार्सिलोनाच्या प्रयोगाला अनुकूल काळ लाभला. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये फर्मान काढून प्रथम ख्रिस्तप्रसादाचे, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर पहिल्यांदा स्वीकारण्याचे, वय सुमारे सात वर्षांवर आणले होते. त्याआधी अनेक ठिकाणी मुलांना दहा ते चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागे. इतकी लहान मुले वेदीपाशी येणार असतील तर त्यांची तयारी कशी करायची, हा प्रश्न त्यामुळे साऱ्या चर्चपुढे उभा राहिला. प्रश्नोत्तरांची पुस्तिका पाठ करून घेणे सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत पुरेसे नव्हते.

3. बालविकासाविषयी त्यांचे नेमके म्हणणे काय होते? धर्मशिक्षणाशी त्याचा संबंध कसा?

या पानावरील बहुतेक उत्तरे या एका उत्तरावर उभी आहेत, म्हणून ते थोडे सविस्तर देत आहे.

जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचे मूल आजूबाजूचे सारे काही टीपकागदासारखे शोषून घेते, असे माँटेसरीबाईंनी निरीक्षणांवरून मांडले. मातृभाषा मूल शिकवणीने शिकत नाही, ती त्याच्या अंगात मुरते. या वयात काही ठरावीक काळ असे येतात की एखाद्या गोष्टीची मुलाला विलक्षण ओढ लागते: व्यवस्थेची, बारीकसारीक वस्तूंची, भाषेची, हालचालीवर ताबा मिळवण्याची. तो काळ उलटला की तीच गोष्ट कष्टाने शिकावी लागते. सहा ते बारा या वयात कारण विचारणारी बुद्धी जागी होते, न्याय-अन्यायाची जाणीव तीव्र होते आणि मूल जगाचा मोठा पट पाहू लागते. बारा ते अठरा आणि अठरा ते चोवीस हे पुढचे दोन टप्पे त्यांनी मानले.

आता हे धर्मशिक्षणाला लावून पाहावे. तीन वर्षांच्या मुलाला व्यवस्थेची ओढ असते, वस्तू जागच्या जागी ठेवण्यात त्याला आनंद असतो, एकच कृती वीस वेळा करण्याचा त्याला कंटाळा येत नाही. उपासनाविधी याच गोष्टींनी बनलेला आहे. मेणबत्ती पेटवणे, हात धुणे, वस्त्राची घडी घालणे, पात्र दोन्ही हातांनी धरून सावकाश चालणे, शांत बसणे या साऱ्या कृती त्यात आहेत. बार्सिलोनामधील मुले छोट्या प्रार्थनामंदिरात गेली तेव्हा बालगृहात रोज केलेली कामे त्यांना तेथे पुन्हा भेटली, पण एका मोठ्या हेतूने, असे माँटेसरीबाईंनी नोंदवले आहे. म्हणून त्यांच्या दृष्टीने धर्मशिक्षण हा वेळापत्रकात घुसवलेला आणखी एक तास नव्हता. मुलाच्या वाढीचे जे निरीक्षण त्यांनी गणितासाठी आणि भाषेसाठी केले, तेच निरीक्षण त्यांना येथवर घेऊन आले, आणि मला त्यांच्या साऱ्या कामात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

4. ‘एट्रियम’ म्हणजे काय? साध्या वर्गखोलीपेक्षा ते वेगळे का?

प्राचीन ख्रिस्तमंदिरांच्या पुढे जे प्रशस्त अंगण असे त्याला एट्रियम म्हणत. रस्ता आणि मंदिर यांच्यामधली ती जागा. मुलांच्या धार्मिक कामासाठी राखलेल्या खोलीला हेच नाव देण्यात आले, कारण तीही घर आणि वेदी यांच्यामधली जागा आहे. खोलीत मुलांच्या उंचीची कपाटे असतात, छोटी वेदी असते, हाताळता येतील अशी साधने असतात. बार्सिलोनामध्ये खुर्च्या लहान होत्या, चित्रे खाली लावलेली होती आणि पवित्र पाण्याची पात्रेही मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर बसवलेली होती.

तेथे मुले एका तुकड्यात गहू पेरत, दुसरीकडे द्राक्षवेली लावत, आणि ख्रिस्तप्रसादाची भाकर व द्राक्षारस कोठून येतात हे वर्षभर स्वतःच्या हातांनी अनुभवत. ज्या मुलाने ओंबी भरताना पाहिली आहे, त्याला अर्पणाचा अर्थ सांगण्यासाठी फार शब्द लागत नाहीत. वसई किंवा रायगडातील मुलांना भाताच्या लोंबीवरून सुरुवात करावी आणि मग गव्हाकडे जावे, असे मी सुचवेन.

5. तीन-चार वर्षांच्या मुलाला मिस्सा काय कळणार? ते तर अर्ध्या वेळात कंटाळते.

संपूर्ण मिस्सा एकदम समजावून सांगायला गेलो तर काहीच कळणार नाही. म्हणून एका वेळी एकच कृती दाखवायची. उदाहरणार्थ, द्राक्षारसात पाण्याचे थेंब घालणे. एका ताटलीत दोन छोट्या काचेच्या झाऱ्या आणि एक चषक ठेवावा. आधी मोठ्या माणसाने अगदी सावकाश द्राक्षारस ओतावा, मग पाण्याचे दोन-तीन थेंब टाकावेत, थांबावे, आणि इतकेच म्हणावे की आता हे पाणी वेगळे काढता येणार नाही. मग साधन मुलाच्या हाती द्यावे.

आमच्या वर्गातील एका चार वर्षांच्या मुलीने ही कृती एका सकाळी सलग अकरा वेळा केली. प्रत्येक वेळी थेंब पडला की ती मान वाकवून चषकात पाही. शेवटी तिने झारी पुसली, जागेवर ठेवली आणि म्हणाली, “पाणी थोडंसंच आहे, तरी आत गेलं.” पुढच्या रविवारी धर्मगुरूंनी वेदीवर तीच कृती केली तेव्हा तिने आईचा हात घट्ट धरला. ही ‘मिस्सा-मिस्सा’ खेळण्याची कृती नव्हे. मूल पुरोहिताचे सोंग घेत नाही, ते एका खुणेपाशी थांबते.

6. ‘मौनाचा खेळ’ कसा घ्यायचा? आमची मुले दोन मिनिटेही गप्प बसत नाहीत.

“गप्प बसा” या हुकमाने येणारी शांतता आणि हे मौन यांत फार अंतर आहे. याचा उगम सांगितला तर पद्धत आपोआप कळेल. एके दिवशी माँटेसरीबाईंनी चार महिन्यांचे एक तान्हे मूल त्याच्या आईकडून घेतले आणि ते कुशीत धरून वर्गात आल्या. हे बाळ किती शांत आहे, त्याचे पाय किती स्थिर आहेत, श्वास किती हळू चालला आहे, हे त्यांनी मुलांना दाखवले. मुले आपले पाय, आपला श्वास तसाच करून पाहू लागली. खोलीत अशी शांतता पसरली की एरवी न ऐकू येणारे आवाज ऐकू येऊ लागले. पुढे त्या शेजारच्या खोलीतून एकेका मुलाचे नाव कुजबुजत, आणि ज्याचे नाव येई ते मूल काहीही न धडकता, पाय न वाजवता त्यांच्यापर्यंत चालत जाई.

आपल्याकडे सुरुवात तीस सेकंदांनी करावी. पंखा बंद करावा, स्वतः आधी शांत व्हावे, आणि मुले तयार नसतील तर त्या दिवशी खेळ सोडून द्यावा. हा खेळ शिस्त लावण्यासाठी वापरला की तो संपलाच. नाव कुजबुजून बोलावले जाण्याचा हा अनुभव उत्तम मेंढपाळाच्या दृष्टान्ताला किती जवळचा आहे, ते प्रश्न 8 मध्ये दिसेल.

7. पाठांतराला, हजेरीला बक्षीस द्यावे की नाही?

माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. मी स्वतः कित्येक वर्षे हजेरीपत्रकावर चमकते तारे चिकटवले, आणि त्याचा परिणाम एवढाच झाला की मुले मजकुराकडे न बघता ताऱ्यांची मोजदाद करू लागली.

माँटेसरीबाईंनी पाहिलेला प्रसंग असा होता. एका हुशार मुलाच्या गळ्यात शाबासकी म्हणून पांढऱ्या फितीत ओवलेला रुपेरी क्रूस होता. दुसरे एक मूल शिक्षा म्हणून खोलीच्या मधोमध आरामखुर्चीत बसवलेले होते. पहिला मुलगा साधने नेण्या-आणण्यात दंग होता, येता-जाता त्याचा क्रूस गळून पडला. शिक्षा झालेल्या मुलाने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, तुझे काय पडले ते पाहिलेस का? पहिल्याला त्याची पर्वा नव्हती. मग मी घालू का, असे विचारल्यावर त्याने सहज होकार दिला आणि तो आपल्या कामाकडे वळला. क्रूस त्याला लागतच नव्हता, कारण त्याचे काम त्याला पुरत होते. शिक्षा झालेला मुलगाही क्रूस मिरवीत खुर्चीत समाधानाने बसून राहिला.

8. माँटेसरीबाई लहान मुलांना परीकथा सांगू नका म्हणत. मग बायबलमधील गोष्टींचे काय?

खरे आणि काल्पनिक यांतला भेद ज्याला अजून करता येत नाही अशा मुलाच्या भाबडेपणावर मोठ्यांनी कल्पना लादू नयेत, हा त्यांचा आक्षेप होता. धर्माला त्यांनी कल्पनेच्या खात्यात कधीच घातले नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की बायबल सांगताना ते ‘एक होता राजा’ या सुरात सांगू नये. पॅलेस्टाईनचा उठावाचा नकाशा मुलांपुढे ठेवावा, नाझरेथ, बेथलेहेम आणि यरुशलेम ही तीन गावे बोटाने दाखवावीत, आणि हे खऱ्या भूमीवर घडले हे आधी समजू द्यावे. गोष्ट पुस्तकातल्या शब्दांतच वाचावी, पदरचे संवाद घालू नयेत.

दृष्टान्तांचे वेगळे आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. मेंढवाडा, मेंढरे आणि मेंढपाळ यांच्या लाकडी आकृती हलवत हा उतारा मुलांना वाचून दाखवला जातो, पण मेंढरे म्हणजे कोण हे शिक्षकाने सांगायचे नसते. काही मुले त्याच दिवशी ओळखतात, काही महिन्यांनी, आणि ओळख पटते तो क्षण पूर्णपणे मुलाचा असतो. आपण घाईने अर्थ सांगितला तर तो क्षण आपण त्याच्याकडून काढून घेतो. पावसाळा सरल्यावर घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन खाली उतरतात, शेतात वाघर लावून रात्री मेंढरे बसवतात. जमल्यास मुलांना ते प्रत्यक्ष दाखवावे. जाळीच्या आत दाटीने बसलेला कळप एकदा पाहिला की लाकडी आकृत्या जिवंत होतात.

9. पाप, नरक, शिक्षा यांविषयी केव्हा बोलावे?

सहा वर्षांच्या आत नाही. या वयात मुलाची गरज प्रेम आणि निर्धास्तपणा ही असते. भीतीवर उभी केलेली देवाची प्रतिमा पुढे पुसता येत नाही. सहाव्या वर्षानंतर न्याय-अन्यायाचे प्रश्न मूल स्वतःच आणते (प्रश्न 3 पाहावा), तेव्हा क्षमा आणि सदसद्विवेक यांविषयी बोलण्याची योग्य वेळ येते. धाकट्याने मृत्यूबद्दल विचारलेच तर थोडक्यात, खरे आणि धीर देणारे उत्तर द्यावे.

10. सोफिया काव्हालेत्ती यांचे नाव येते. मग हे काम माँटेसरींचे की त्यांचे?

पाया माँटेसरीबाईंचा, इमारत मुख्यतः काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांची. काव्हालेत्ती (1917–2011) या हिब्रू आणि बायबलच्या अभ्यासक होत्या, मुलांना शिकवण्याशी त्यांचा संबंध नव्हता. 1954 मध्ये रोममध्ये एका आईच्या आग्रहावरून त्यांनी सात वर्षांच्या एका मुलासमोर बायबल उघडले. दोन तास गेले तरी मुलाला जायचे नव्हते, त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्या पाण्याने काव्हालेत्तींच्या आयुष्याची दिशा बदलली. गोब्बी या माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या शिक्षिका होत्या. दोघींनी मिळून जवळपास पन्नास वर्षे साधने तयार केली, मुलांपुढे ठेवली, आणि ज्यांकडे मुले परत येत नाहीत ती निःसंकोचपणे काढून टाकली. तीन ते सहा, सहा ते नऊ आणि नऊ ते बारा असे तीन गट त्यांनी केले. ‘उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण’ या नावाने आज जे काम चालते ते हेच.

एक खबरदारी घ्यावी. माँटेसरीबाईंची मिस्सेवरील पाने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधीची, लॅटिन मिस्सेच्या काळातील आहेत. त्यातील विधीचे वर्णन आजच्या मराठी मिस्सेला जसेच्या तसे लावू नये. दृष्टी त्यांची घ्यावी, तपशील आजचा.

11. हे फक्त कॅथलिकांसाठी आहे का?

उगम कॅथलिक आहे, पण वापर तेवढ्यापुरता नाही. अमेरिकेतील एपिस्कोपल धर्मगुरू जेरोम बेरीमन यांनी काव्हालेत्तींच्या कामावरून स्वतःची वेगळी पद्धत उभी केली आणि ती प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही पोहोचली. संस्कारांविषयीचे भाग आपापल्या मंडळीच्या शिकवणीनुसार ठरवावे लागतात. दृष्टान्त, नकाशा आणि मौन यांना मात्र कोठलीही अडचण येत नाही.

12. माँटेसरीबाई थिऑसॉफिस्टांच्या (सर्व धर्मांत एकच सत्य शोधणाऱ्या पंथाच्या) पाहुण्या होत्या. मग त्यांच्या ख्रिस्ती शिकवणीवर विश्वास ठेवावा का?

1939 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या, ही गोष्ट खरी आहे. युद्धात इटली उतरल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांचे पुत्र मारिओ यांना काही काळ स्थानबद्ध केले आणि त्यांना स्वतःला 1946 पर्यंत भारतात राहावे लागले. त्यांतील काही काळ त्या कोडाईकनाल येथे होत्या. त्या काळात त्यांनी सर्व धर्मांच्या शेकडो शिक्षकांना प्रशिक्षण दिले. कॅथलिक वर्तुळातून त्यांच्यावर टीकाही झाली. मुलाच्या स्वातंत्र्यावर भर देणाऱ्यांना मूळ पापाचा (माणूस जन्मतःच पापाकडे झुकलेला असतो या शिकवणीचा) विसर पडतो, असा सर्वसाधारण आक्षेप त्या काळी होता. तरीही पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी 1918 मध्ये त्यांना भेट दिली होती, आणि धर्मशिक्षणावरील त्यांची पुस्तके आजही कॅथलिक शिक्षक वाचतात. वाचून, वर्गात पाहून आपले मत बनवावे. कोणी कोणाकडे उतरले होते यावरून ते बनवू नये.

13. ताराबाई मोडक यांच्या बालवाड्या आणि हे काम एकच का?

मूळ एक, वाटा वेगळ्या. गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांनी भावनगरला माँटेसरी विचार भारतीय मातीत रुजवला, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि 1945 पासून ताराबाई व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे खेड्यातील व आदिवासी पाड्यांवरील मुलांसाठी काम केले. ते ख्रिस्ती धर्मशिक्षण नव्हते. परंतु महागड्या साधनांऐवजी परिसरातील वस्तू वापरण्याचा त्यांनी घातलेला पायंडा धर्मशिक्षकांनी अवश्य उचलावा, कारण पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

14. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) स्वतंत्र खोली नाही, पैसाही नाही. सुरुवात कशाने करावी?

एक सतरंजी, एक बुटके कपाट आणि तीन साधने एवढ्याने. गावातल्या सुताराकडून मेंढपाळ आणि मेंढरांच्या आकृती कापून घ्याव्यात, प्लायवूड चालते. दुसरे साधन छोट्या वेदीचे: चौरंग, पांढरे कापड, मेणबत्ती, लहान चषक. तिसरे उपासनावर्षाचे चक्र, ज्यात आठवड्यांचे तुकडे जांभळा, पांढरा, हिरवा आणि लाल या चार रंगांत बसवलेले असतात. प्लास्टिक टाळावे. काचेची झारी फुटते म्हणूनच ती द्यावी, फुटू शकणारी वस्तूच मुलाला जपून धरायला शिकवते.

खर्चापेक्षा माणसांची संख्या अवघड असते. चाळीस मुलांना एका शिक्षकाने असे काम देता येणार नाही. बारा-पंधरा मुलांचा गट आणि दोन मोठी माणसे, याहून जास्त करू नये.

15. आमच्या बालवाडीत सर्व धर्मांची मुले आहेत. तेथे हे घेता येईल का?

संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत, मूल अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीवाचून त्याला अशा शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करता येत नाही. कायद्याच्याही आधी हा विश्वासाचा प्रश्न आहे, कारण शेजारच्या आईने तिचे मूल आपल्याकडे खेळायला आणि शिकायला पाठवलेले असते. म्हणून हे काम धर्मग्रामातच करावे. बालवाडीत मौनाचा खेळ, पाणी ओतणे, काळजीपूर्वक चालणे हे सर्वांसाठी ठेवावे, ते कोणत्याही एका धर्माचे नाही.

16. माझा मुलगा बोलत नाही. प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही म्हणून त्याला वर्गात घेत नाहीत.

त्याला घेतलेच पाहिजे, आणि हे मी अत्यंत कळकळीने लिहीत आहे. ही सारी पद्धत अशाच मुलांपासून सुरू झाली (प्रश्न 1 पाहावा). येथे शिकणे तोंडी उत्तरांवर अवलंबून नाही. तो मेंढरे वाड्यात नेऊन ठेवू शकतो, मेणबत्ती विझवण्याचे झाकण धरू शकतो, पाण्याचा थेंब टाकू शकतो. त्याचा आवडता क्रम कोणता ते घरी आठवडाभर पाहून लिहून ठेवावे आणि ते टिपण शिक्षकांना द्यावे. पहिले काही रविवार वर्ग सुरू होण्याआधी, खोली रिकामी असताना त्याला आणावे आणि कपाटातील एकच साधन त्याच्या हाती द्यावे. गर्दीची सवय नंतर होते. प्रथम ख्रिस्तप्रसादाविषयी धर्मगुरूंशी बोलताना त्याला काय पाठ आहे ते सांगू नये, तो वेदीपाशी काय करतो ते त्यांना प्रत्यक्ष दाखवावे.